वेलीचं खोड आणि आईची शपथ

तासगाव सोडलं तेव्हा आमच्या द्राक्षबागेत छाटणी चालू होती. अप्पा कात्री खिशात घालूनच निरोप द्यायला आले. आई गाडीची खिडकी सोडेना. "तिकडं दारूला शिवायचं न्हाई. माझी शपथ हाय." बेदाण्याच्या गावची मी, मला हसूच आलं.

नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरात आले, सायकल शिकले, ऑफिसही अंगवळणी पडलं. मग कोरोना आला आणि सगळं जग यान नावाच्या शेजाऱ्यांच्या अंगणाएवढं उरलं. एका शुक्रवारी बघते तर म्हातारबुवा लाल झगा, टोपी आणि गळ्यात वाइन चाखायची चांदीची वाटी अशा थाटात लॅपटॉपपुढे उभे! फ्रान्सच्या एका प्रांताची वाइन आणि तिथल्या चालीरीती जपणारं यांचं मंडळ. मेळावे बंद, म्हणून यान दर शुक्रवारी इस्त्रीचा झगा घालून एकेकाची खुशाली विचारत. घरात एकट्या पडलेल्या माणसांसाठी एवढा मान! मला तर त्यांचं भारी कौतुक वाटलं.

हिवाळ्यात मी त्यांची द्राक्षाची वेल छाटून दिली आणि त्यांनी मला मंडळात घ्यायचंच ठरवलं. उन्हाळ्यात निर्बंध सैल झाले, तेव्हा अंगणातच सोहळा झाला. रीत अशी, की वेलीचं वाळकं खोड खांद्याला टेकवायचं, मग वाटीतली वाइन प्यायची. दीड मीटर अंतर राखायला हवं म्हणून त्यांनी खोड चक्क झाडूच्या दांड्याला बांधलं होतं.

सगळे हसत होते, मला मात्र आईची शपथ आठवत होती. तिकडं तासगावात रोज कुणीतरी दगावत होतं. शपथ मोडली आणि आईला काही झालं तर? एवढी शिकलेली मी, पण भीती काही जाईना. फोनवर, व्हिडिओ कॉलवरून आई सगळं बघत होती.

खोड खांद्याला लागलं आणि नकळत मी त्याला हात लावून कपाळाला लावला. यान यांनी टोपी काढली आणि खोडाला हात लावून तस्संच केलं. मग एकेक जण पुढे आला.

"वेलीच्या पाया पडत्यात व्हय ही माणसं?" आईनं विचारलं.

"हो गं."

"मग सुटली म्हण."

शपथ सोडवायची तर असं तोंडानं म्हणावं लागतं. "सुटली," मी म्हणाले आणि रडतच घोट घेतला.

घर कुठलं म्हटलं, की मी अजून तासगावच सांगते. पण ते अंगण आता परकं वाटत नाही. तिथली वेल दर हिवाळ्यात मीच छाटते, आणि आई फोनवरून ओरडते, "डोळे राखून काप गं, तिथनंच फुटवा येतो!"