शनिवारच्या कोपऱ्यातले गृहस्थ

न्वे यीची सगळी नोकरी यांगूनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. कानाला यंत्र लावायचं आणि ह्याचा आवाज त्याला जोडून द्यायचा. लोकांच्या सोयरिकी, भांडणं, मरणाच्या बातम्या तिच्या हातून पुढे गेल्या. स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत ती आणि धाकटी बहीण राहायच्या. बहीण वारली आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही. बाल्कनीतून रस्त्यापर्यंत सोडलेल्या दोरीची घंटा क्वचित वाजायची. वाकून पाहावं तर खालचा, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा, म्हणायचा, "माफ करा अमाजी, चुकून तुमची दोरी ओढली."

म्हणून रोज संध्याकाळी ती सुले पगोड्यात जायची. शहरातल्या बसगाड्या त्या सोनेरी कळसाला वळसे घालत असतात, कंडक्टर ओरडत असतात. चपला पिशवीत घालून आत शिरलं की तोच गोंगाट लांबून आल्यासारखा वाटतो. ज्याचा जो जन्मवार, त्या वाराच्या प्राण्याचा कोपरा त्याचा. तिचा शनिवारचा, नागाचा. तिथल्या लहानशा बुद्धमूर्तीवर पेल्यानं पाणी घालायचं, हात जोडायचे आणि दिवे लागेपर्यंत खांबाला टेकून बसायचं.

त्याच कोपऱ्यात एक गृहस्थ यायचे. किडकिडीत, लुंगी चापूनचोपून नेसलेली, पाऊस असो नसो काखेत छत्री. पाणी घालून झालं की पेला धुऊन तिच्या हातात द्यायचे. ती मान लववायची, तेही लववायचे. कैक वर्षं एवढंच. शब्द एक नाही. पण दिवसभरात कुणीतरी आपल्या हातात काही दिलं, हे तिला पुरायचं.

वर्षावासाच्या, म्हणजे भिक्खूंच्या चातुर्मासाच्या, ऐन पावसात ते यायचे थांबले. आठवडा झाला, महिना झाला. शेवटी तिनं पगोड्याच्या दारातल्या फुलवाल्या मा प्यूला विचारलं.

"छत्रीवाले? अगंबाई, तुम्हाला ठाऊक नाही?" मा प्यू देठं कापता कापता म्हणाली. "बसथांब्यावर कोसळले म्हणे. जागच्या जागी! तुमचेच ना ते?"

"माझे कोण असणार?"

"मग रडताय कशाला?"

न्वे यीला ते तोवर कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिनं कोळंबी घालून अंबाडीची भाजी केली, भात केला आणि डबा घेऊन गल्लीतल्या विहारात गेली. भन्ते वयस्कर होते, थोडे बहिरे. दानाचं पुण्य कुणाला द्यायचं, म्हणून त्यांनी नाव विचारलं.

"नाव माहीत नाही, भन्ते. शनिवारचा जन्म."

"नातं काय?"

"पेला द्यायचे," ती म्हणाली.

भन्तेंनी पाण्याचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "ओत पाणी." गेलेल्याला पुण्य पोचवायचं ते पाणी ती थेंब थेंब ओतत राहिली. शेवटी सगळ्यांनी मिळून "साधु" म्हणायचं असतं; सोबत कुणी नव्हतं, तेही तिनं एकटीनंच म्हटलं.

वर्षावास संपला. दिव्यांच्या पौर्णिमेनंतर एके संध्याकाळी ती कोपऱ्यात पोचली, तर ते गृहस्थ मूर्तीवर पाणी घालत उभे! वळून त्यांनी पेला पुढे केला.

"तुम्ही तर मेलात ना!" तिच्या तोंडून निघून गेलं. पलीकडच्या दोन बायांनी माना वळवल्या.

"मी? कोण म्हणालं?"

"फुलवाली."

"तिच्या जिभेला हाड नाही," असं म्हणून ते हसायला लागले. "मोलम्याइनला होतो, मुलीकडे. कोसळला तो दुसराच कुणी असेल बिचारा."

"मी तुमच्या नावानं भन्तेंना जेवण घातलं. म्हणजे... नावाशिवायच."

त्यांचं हसू थांबलं. ते शेजारी टेकले. त्यांनी विचारलं, "काय केलं होतंत?"

"अंबाडीची भाजी. कोळंबी घालून."

"अरेरे! मला फार आवडते हो. आधी सांगितलं असतंत तर जिवंतपणीच आलो असतो."

तीही हसली. कितीतरी दिवसांनी तिला आपलं हसू मोठ्यानं ऐकू आलं. त्यांचं नाव "थेट ल्विन"; छापखान्यात नोकरीला होते. तिनं आपलं नाव सांगितलं, एक्स्चेंजचं सांगितलं, बहिणीचं सांगितलं. दिवे लागले तरी बोलणं संपेना.

"उद्या येताना मी भाजी आणते, अकोजी," दादा म्हणावं तसं ती म्हणाली.

त्यांनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली. "उद्या सकाळची गाडी आहे. मुलगी आता इथं एकट्याला राहू देत नाही. खोली सोडली. नमस्कार करून जावं, म्हणून आलो होतो." मग म्हणाले, "इतकी वर्षं आपण बोललो का नाही, अमाजी?"

"तुम्ही बोलला नाहीत."

"तुम्हीही नाही."

ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या, एकदा मान लववली आणि बसच्या गर्दीत दिसेनासे झाले.

दुसऱ्या संध्याकाळी शनिवारच्या कोपऱ्यात एक पोक्त बाई पाणी घालत होती. न्वे यीनं धीर केला. "रोज येता का हो? नाव काय तुमचं?"

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पर्स छातीशी धरली आणि पेला कट्ट्यावर ठेवून लगबगीनं निघून गेली. न्वे यीनं पेला उचलला, स्वतःच धुतला आणि मूर्तीवर पाणी घातलं.