बुड्याबापूंचा दोर

पाण्याखाली जी गाठ सुटली ती माझ्या हाताने सुटली, हे आधीच सांगून टाकतो. सहा वर्षं मी ती दुसऱ्याच्या माथी मारली होती. तो दुसरा म्हणजे बुड्याबापू. इतका तुसडा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. इतका खराही पाहिला नव्हता, पण ते कळायला मला फार उशीर झाला.

सोलापुरात नवी पेठेत माझं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. नवे माग पाहायला म्हणून आम्ही चौघे व्यापारी तुर्कस्तानात गेलो आणि काम उरकल्यावर काही दिवस समुद्रकाठी राहिलो. तिथे पाण्याखाली एक जुनं विमान होतं. पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारणाऱ्या हौशी लोकांसाठी ते मुद्दाम बुडवलेलं. तीन-चार दिवस शिकवून तिथे नेत. आमच्यातला मी एकटाच तयार झालो. बोटीवर पाय ठेवतो तो कानावर आलं, "आरं हितं न्हाय, तितं ठिव की!" पन्नाशीचा एक काळा, काटक माणूस तुर्की खलाशावर चक्क सांगोल्याच्या बोलीत खेकसत होता, आणि खलाशी मुकाट्याने टाक्या हलवत होता.

मी आनंदाने म्हणालो, "अहो, तुम्ही आपल्याकडचे!"

"आपल्याकडचे म्हंजी कुनाकडचे?"

"मी सोलापूरचा. टॉवेलचा धंदा आहे माझा."

"मग पान्यात कशाला उतरताय? काठावर बसा, वर आलेल्याला पुसा."

मजा बघायला बोटीवर आलेले माझे सोबती खो खो हसले. आमचं बिनसलं ते तिथेच.

बापू धनगराच्या घरातले. विहिरीत पडलेल्या पाणी उपसायच्या मोटारी बुडी मारून काढायच्या, हे त्यांचं तरुणपणीचं काम. म्हणून गावाने नाव ठेवलं बुड्या. त्याच जोरावर ते आखातात जहाजांचे तळ खरवडायला गेले आणि तिथून इथे, पर्यटकांना पाण्याखाली न्यायच्या कामावर आले. पण मनाने ते विहिरीतच होते. खोली मीटरमध्ये सांगत नसत. विमान "दहा परस खाली", म्हणजे दहा माणसं एकावर एक उभी राहतील इतकं खोल होतं. रोज उतरण्याआधी डबीतून चिमूटभर भंडारा काढून पाण्यावर टाकत. पाणी क्षणभर पिवळं होई. मी विचारलं तर म्हणाले, "बिरोबाला ह्यो समिंदर ठावं न्हाय. सांगाय नगं?" एवढं बोलून वर पुस्ती, "तुमाला कळायचं न्हाय त्ये. तुमी मीटरवाले."

त्यांची खरी खोड म्हणजे दोर. दोन हात लांबीचा सुती दोर ते आपल्या आणि गिऱ्हाइकाच्या मनगटाला बांधत. तिथे दुसरं कुणीच असं करत नसे. बोटीचा मालकही त्यावरून त्यांची टिंगल करी. बापूंचं म्हणणं एकच : "हिरीत खालच्याचा जीव वरच्याच्या हातात असतुया. हितं वर धरनारं कोन न्हाय. मग तुमी माझा दोर, मी तुमचा." गोऱ्या पर्यटकांसमोर मला लाज वाटली. मी म्हणालो, "बापू, शेरडासारखं काय बांधताय?"

"शेरडं ऐकत्यात तरी," बापू गाठ आवळत म्हणाले.

आम्ही उतरलो. आमच्याकडे चार दिवसांनी नळ येतो, तोही कधी गढूळ. त्या पाण्यात मात्र गच्चीवरून रस्ता दिसावा तसं अख्खं विमान दिसत होतं. पंख, शेपूट, खिडक्यांतून ये-जा करणारे मासे. बाहेरून पाहायचं, आत शिरायचं नाही, हा नियम होता. पण मला वैमानिकाच्या खुर्चीत बसून फोटो काढायचा होता. सोबत्यांना दाखवायचा होता, आणि त्याहून जास्त, या माणसाला धडा शिकवायचा होता. बापू शेपटीकडे वळून पाहत असताना मी गाठ सोडली आणि दारातून आत सटकलो.

आतला गाळ उठला आणि डोळ्यांपुढे अंधार झाला. टाकीचा पट्टा कशात तरी अडकला. मी हिसके देत राहिलो, तोंडातली नळी सुटली, खारं पाणी आत गेलं. तेवढ्यात एका हाताने माझी मान धरली आणि तोंडात दुसरी नळी कोंबली. बापूंनी पट्टा कापला, मला बाहेर ओढलं. दारातून सुटताच मी वेड्यासारखा वर निघालो. हळू वर यायचं असतं, नाहीतर दाब एकदम बदलून कान फुटतो. बापू मला धरून मागे खेचत होते, पण मी त्यांनाही फरपटत नेलं. मला सोडून दिलं असतं, तर त्यांचा कान वाचला असता. वर आलो तेव्हा त्यांच्या डाव्या कानातून रक्त येत होतं.

मालकाने धावत येऊन विचारलं, दोर कुणी सोडला? आत कोण घेऊन गेलं?

मी बापूंकडे बोट दाखवलं.

बापूंना तेवढं इंग्रजी कळत होतं. कानावर टॉवेल दाबून ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "टावेलवाले, पान्यात तोंड उघडाय येत न्हाय, म्हनून वर आल्यावर खोटं बोललासा व्हय?" त्याच संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं. मी सोलापूरला परतलो आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सांगोल्याचा एक डाळिंबवाला लग्नाचे टॉवेल घ्यायला दुकानात आला. बोलता बोलता विहिरीत पडलेल्या मोटारीचा विषय निघाला. मी विचारलं, "तुमच्याकडे ते बुड्याबापू होते ना?"

"हाय की. पर त्यांला कोन बोलवतंय? परदेशात गिऱ्हाईक बुडवाय निघाले हुते म्हनं. त्यांला तिकडं धाडनाऱ्या एजंटानं गावभर सांगितलं. कान गेला, बुडी गेली. वर उभं ऱ्हाऊन दोर धरला असता, पर त्यांच्या हातात दोर कोन देनार?"

टॉवेल बांधून देताना मी त्याच्याकडून बापूंच्या गावाचा पत्ता विचारून घेतला. दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

गावात टँकर आला होता. अर्धं गाव घागरी घेऊन रांगेत. बापू लिंबाखाली शेळ्यांजवळ बसले होते. मला ओळखलं. "टावेलवाले. काय पुसाय आलासा?" म्हणाले आणि डावा कान माझ्याकडे करून बसले.

मी खाली बसलो. हळूच म्हणालो, "बापू, माझी चूक झाली."

"ऐकू येत न्हाय."

मी उजवीकडे जायला उठलो, तर त्यांनी काठी आडवी धरली. "तितंच बसा. ह्यो कान तुमीच दिलाय मला. ह्येच्यातच बोला."

मी आवाज चढवला.

"आजून मोठ्यानं."

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. बापूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी उभा राहिलो, रांगेकडे तोंड केलं आणि छातीतली होती नव्हती ती हवा एकवटून ओरडलो, "दोर मी सोडला होता! विमानात मी शिरलो होतो! बापूंनी माझा जीव वाचवला, आणि मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला! बापू, मला माफ करा!"