ॲसिडात गेलेला शंख

मी चिडका माणूस नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत आलो आहे; दुसऱ्या कुणी अजून म्हटलेलं नाही. पण त्या रविवारचा विषय निघाला की आजही माझी कानशिलं तापतात.

नव्वदीच्या दशकात मी बारामतीच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत होतो. आमच्याकडं कुठंही खणा, काळा कातळच लागतो. म्हणून समुद्री जीवाश्मांसाठी मी कच्छला जायचो आणि पिशवीभर दगड घेऊन यायचो. अशाच एका खेपेला एका समुद्री गोगलगाईचा शंख मिळाला. प्रत्येक वेढ्यावर बारीक मण्यांच्या दोन ओळी आणि तोंडाच्या आत एक दात. असा शंख आजवर कुणी नोंदवला नव्हता. प्रजाती नवी होती. तुटके तुकडे माझ्याकडं बरेच होते. शेंड्यापासून तोंडापर्यंत अखंड असा एकच. नवी प्रजाती मांडायची तर तसा एक नमुना लागतो. त्याच्यावरून वर्णन, मग नाव. नाव मी सासऱ्यांचं ठरवलं होतं. त्याला लॅटिन शेपूट लावून मी ते जेवताना म्हणून दाखवायचो. घरातले ताटाकडं बघत राहायचे.

मण्यांच्या खाचांत चुनखडी घट्ट बसली होती. रोज संध्याकाळी मी ती सुईनं कणाकणानं टोकरत बसे.

त्या रविवारी मी पुण्याला लायब्ररीत गेलो आणि इकडं मेहुणा आला. तो इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होता. रस उकळून उकळून तिथल्या नळ्यांना आतून चुनखडी धरते. ती ॲसिडनं काढतात. त्यानं माझी सुई पाहिली आणि बहिणीला म्हणाला, "दाजी हे असं कवर टोकरणार? आमी अख्ख्या नळ्या एका दिसात साफ करतो." बायकोनं शंख कापसात गुंडाळून त्याच्या हातात दिला. माझे डोळे वाचतील म्हणून.

बुधवारी तो डबा घेऊन आला. झाकण उघडलं. आत एक गुळगुळीत, तपकिरी ढेकूळ. मणी नाहीत, दात नाही, शंखच नाही. शंख चुन्याचाच असतो. उरला होता तो शंखाच्या पोकळीत भरलेला, दगड झालेला चिखल.

"कसा लख्ख झालाय बगा," मेहुणा म्हणाला.

"शंख कुठाय?"

"ह्यो काय."

"अरे, हा आतला गाळ आहे. शंख तू विरघळवलास."

तो गोंधळला. "दाजी, कोटी कोटी वर्सं टिकल्याला दगुड. आमच्या ॲसिडाला काय भीक घालतोय, असं वाटलं."

मग मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. त्याच्या डिग्रीपासून सुरुवात केली, कारखान्यावरून साखरेवर आलो आणि यापुढं या घरात चहा बिनसाखरेचा होईल असं जाहीर केलं. बायको म्हणाली, "मग मलाच बोला की. मीच दिला त्याला." तिच्याशी चार दिवस बोललो नाही. बिनसाखरेचा चहा मात्र मलाच प्यावा लागला. बाकीचे घालून घेत होते.

रविवारी समजूत घालायला मेहुण्याला घेऊन आबा आले. माझे सासरे. ढेकूळ हातात घेऊन त्यांनी विचारलं, "पाव्हणं, ही गोगलगाय जिती व्हती का मेल्याली?"

"मेलेली."

"कवाची?"

"माणूस जन्माला यायच्या आधीची."

"मग सुतक कशाचं धरलंया? नाव माजं गेलं. मी हसतुया न्हवं?"

बायको हसली. मेहुणाही हसला. त्यांच्या हसण्यानं माझं डोकं आणखीच फिरलं. आठवड्याभराच्या आत ती गोष्ट या घरात गमतीची झाली होती, आणि त्या गमतीत सामील नसलेला मी एकटाच होतो.

पुढं दोनदा कच्छला गेलो. अखंड शंख मिळाला नाही. शेवटी तुकड्यांवरून जेवढं होईल तेवढं वर्णन केलं. लेख छापून आला, त्यात नावाच्या जागी 'प्रजाती अनिश्चित'.

अंक घरी आला तेव्हा मेहुणा आलेलाच होता. त्यानं पानं उलटली, फोटो पाहिले आणि अगदी सरळ मनानं विचारलं, "दाजी, ह्यात शेवटी मदत करणाऱ्यांचं आभार असत्यात न्हवं? माजं नाव कुठं दिसंना."

मी आभार लिहिलेच नव्हते. त्याचे लिहावे लागू नयेत म्हणून कुणाचेच नाहीत. माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक त्यावरून माझ्याशी बोलेनासे झाले. मेहुणा मात्र बोलतो. दर रविवारी येतो.