गावाला हॉल झाला

सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत इलेक्ट्रिशियन असलेल्या यूनुसनं एकच ध्यास घेतला होता. रत्नागिरीजवळच्या आपल्या गावाला लग्नकार्यासाठी हक्काचा हॉल हवा! दर शुक्रवारी जेद्दाला, अल अझीझिया वस्तीतल्या एका खोलीवर, गाववाल्यांना गोळा करून तो वर्गणीसाठी त्यांच्या मागं लागायचा. "कसला हॉल नि कसलं काय!" म्हणत त्यांच्यातलाच हम्माद त्याची टर उडवायचा.

आज उद्घाटन होतं. गावी जायला रजा मिळाली नव्हती, म्हणून सगळे यूनुसच्या मोबाइलभोवती दाटीवाटीनं बसले होते. तिकडून त्याची बहीण हलिमा ओरडली, "भाई, दिवे लावू?"

"लाव, लाव! यल्ला, चल लवकर!"

हॉल लख्ख उजळला. खोलीत एकच जल्लोष झाला आणि त्यात हम्मादचाच आवाज सगळ्यांत मोठा, "पहिलं लग्न माझ्या लेकीचं, समरीनचं! तारीख माझी!"