कायद्याच्या पुस्तकावरचं कुंकू

वकील व्हायला काय लागतं, हे आमच्या अमरावतीच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी एका पाहुण्यांनी सांगितलं. त्याग, तपश्चर्या आणि समाजऋणाची जाणीव. ते पाऊण तास बोलले आणि शाल घेऊन गेले. प्रत्यक्षात पदवी लागते, तिच्यावर कायद्याची तीन वर्षं, मग बार कौन्सिलकडे नोंदणी, आणि ती पक्की करायला एक देशपातळीवरची परीक्षा. पाहुण्यांनी एक अट सांगितलीच नव्हती: पगारी नोकरी चालू ठेवून वकिलीची सनद मिळत नाही. म्हणून पंचेचाळिशीला मी शाळेतली ग्रंथपालाची नोकरी सोडली आणि बायकोला घेऊन अकोल्याला आईकडे आलो. नापास झालो तर परत जायला नोकरी नव्हती.

त्यात सरकारनं फौजदारी कायदेच बदलले. झोपेत ३०२ म्हटलं तरी खून सांगणारा मी, आता खून १०३ मध्ये शोधत होतो. जुने आकडे जात नव्हते, नवे बसत नव्हते. आधार एवढाच, की परीक्षेला कायद्याचं पुस्तक नेता येतं. मात्र ते कोरं हवं. टीप नको, खूण नको.

बायको म्हणायची, "काहून एवढे भेता? पुस्तक तं संगच हाये."

परीक्षेच्या आधी दसरा आला. आईनं पोथ्यांसोबत माझी पुस्तकंही पाटावर मांडली. वेष्टनावर कुंकवाचं बोट दिसलं, पण वेष्टनाला कोण विचारतो, म्हणून परीक्षेसाठी कोरं राखलेलं ते पुस्तक मी उघडून बघितलं नाही.

केंद्र नागपूरला होतं. पर्यवेक्षकांनी पुस्तक उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

आत प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला कुंकवाचं बोट होतं. पोथीत आई प्रत्येक अध्यायाला कुंकू लावते. तिनं इथंही एक अध्याय सोडला नव्हता. खून, चोरी, बदनामी, सगळ्यांना सारखंच. दोन-तीन ठिकाणी आपट्याची पानंसुद्धा होती.

"आईनं पूजा केली, साहेब."

"खुणा करून आणायच्या अन् आईचं नाव सांगायचं?"

"साहेब, सगळ्याच प्रकरणांना आहे. सगळ्यालाच खूण केली तर तिचा उपयोग काय?"

युक्तिवाद बरा होता. पण माझा आवाज इतका कापत होता, की मलाच तो आरोपीचा वाटला. त्यांनी वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी पानं चाळली, बोटाला लागलेलं कुंकू रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "परीक्षेला बसू द्या. पुस्तक जमा करा."

प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा अक्षरं हलत होती. कॉपीची नोंद झाली असेल का, सनद कायमची जाईल का, हेच डोक्यात फिरत होतं. शेजारी पानं उलटल्याचा आवाज येत होता. आठवतील त्या उत्तरांचे गोल भरले. काही ठिकाणी नुसता अंदाज केला.

घरी आईनं विचारलं, "पुस्तक कामी आलं नं रे?"

"आलं," मी म्हणालो.

निकालापर्यंत मी नीट जेवलो नाही. निकाल बायकोनंच बघितला. "पास झाले. बसा आता जेवाले."

वकिलीच्या पहिल्याच आठवड्यात हिवरखेडचा एक भाजीवाला कोर्टाच्या आवारात मला शोधत आला. मारामारीत त्याचा मुलगा आत होता. जामिनाचे कागद माझ्या हातात देऊन त्यानं दोन्ही हात जोडले.

"वकीलसाहेब, पोरगं सुटंन नं?"

परीक्षेत चुकलो असतो तर भोगणारा मीच होतो. इथं चुकलो तर त्याचं पोरगं भोगणार होतं. मी त्याला बाकावर बसवलं आणि म्हणालो, "मला एकदा सगळं पहिल्यापासून सांगा."