किल्ला उघडतो त्या दिवशी

सीताबर्डीच्या किल्ल्यात फौज राहते, म्हणून लोकांसाठी तो वर्षातून मोजकेच दिवस उघडतो. सव्वीस जानेवारी त्यातलाच एक. त्या दिवशी पायथ्याशी इंदूबाईचा बोरांचा गाडा सकाळीच लागे. कामठीहून लग्न होऊन आल्यापासून तिचा हाच धंदा. पण किल्ला उघडला की गिऱ्हाइकांची झुंबड, त्यामुळे आत जायला तिला कधी सवड मिळाली नाही.

मग ती उतरून येणाऱ्यांनाच गाठायची. "काय पायलं गा आत?"

कोणी तोफ सांगे, कोणी गोऱ्या शिपायांच्या कबरी. कॉलेजची एक पोरगी म्हणाली, "काही नाही मावशी, झाडं आहेत." एका म्हाताऱ्यानं मात्र भुयाराची गोष्ट अशी रंगवली, की इंदूबाईनं त्याच्या पुडीत मूठभर बोरं जास्तीची टाकली.

यंदा शेजारचा फुगेवाला अंकुश वैतागला. "किती वर्षं लोकायले विचारून राहिली मावशी! जाऊन ये ना. गाडा मी पाहतो."

पदर झटकून इंदूबाई रांगेत लागली. दारावर जवानानं आधार कार्ड पाहिलं. तिनं लगेच विचारलं, "रोज काहून उघडत नाही गा भाऊ?"

"माताजी, ये हमारा घर भी है," तो हसला.

वर तोफ होती, पण तिच्या मनातल्या तोफेपेक्षा बरीच लहान. कबरी चुना लावून स्वच्छ ठेवलेल्या. त्यांच्यापाशी ती बराच वेळ रेंगाळली. इतक्या दुरून आलेल्या या पोरांच्या आयांना कोणी कळवलं असेल का?

तटाजवळ पहाऱ्यावर एक कोवळा जवान उभा होता. तिनं त्याला भुयाराचं विचारलं.

"हमने भी बस सुना है," तो म्हणाला. मग हळूच त्यानंच विचारलं, "माताजी, नीचे सब लोग वो लाल-लाल क्या खाते हैं?"

तो राजस्थानचा. नवाच आलेला. सकाळपासून वरून नुसती गर्दी बघत होता.

"बोरं हायेत बाबू!" तिनं कनवटीतली चार बोरं काढली. ड्यूटीवर खाता येत नाही म्हणून त्यानं ती खिशात टाकली.

खाली आल्यावर इंदूबाईला किती सांगू अन् काय सांगू असं झालं. ऐकता ऐकता अंकुशनं फुग्यांची काठी तिच्या गाड्याला बांधली आणि तो रांगेकडे निघाला.