रोहिणीची काच

आईनं नेम धरला होता, रोहिणीची चांदणी बघितल्याशिवाय घास घ्यायचा नाही. संकष्टीला बायका चंद्रासाठी थांबतात ना, तसं. थोरल्या भावाचं जन्मनक्षत्र रोहिणी. निजामी अमलाच्या शेवटी, गडबडीच्या दिवसांत, तो जळकोटाहून सोलापूरच्या वाटेनं गेला तो गेलाच. कुणी म्हणे धरला, कुणी म्हणे मारला. आई म्हणे, "चांदणी हाय तवर माझं लेकरू हाय."

हिवाळाभर निभावलं. दिवेलागणीला चांदणी लिंबावर दिसायची, मग आई जेवायची. उन्हाळा चढला तशी ती मावळतीला उतरत गेली, त्यात वळवाचे ढग. थोरल्याची बायको, माझी वहिनी, ताट झाकून बसायची आणि आई घोटभर ताक पिऊन आडवी व्हायची. हाडं वर आली. मला तर थोरल्याचाच राग यायचा. गेलास तर गेलास बाबा, हिला कशाला घेऊन निघालास!

मी तेव्हा हैदराबादेत दुर्बिणीच्या दफ्तरात कारकून होतो. साहेब लोक रात्री काचेवर आभाळाचा फोटो घ्यायचे. कुठला तारा मागितला की त्या जागेच्या सगळ्या काचा काढून, उजेडावर धरून, एक निवडायची हे माझं काम. तारा काठाला असला की त्याला शेपूट फुटल्यासारखं दिसतं, ती बाद. धुरकट, बाद. ठिपके लांबट, बाद. तारा मधोमध, गोल, गडद असेल तीच काच खरी.

संकष्टीला आभाळ भरलं की आई पाटावर तांदळाचा चंद्र काढायची, त्याला ओवाळून जेवायची. मग चांदणीची काच का चालू नये? रोहिणीच्या जागेच्या काचा काढल्या आणि त्यातली सगळ्यात झकास निवडली. मोठे साहेब भला माणूस. म्हणाले, "लेके जाओ, मगर सलामत वापस लाओ." धोतरात गुंडाळून, मांडीवर धरून आणली. उमरग्यापुढं मोटार अशी आदळत होती की आतडी तोंडात यावीत, पण काचेला ओरखडा येऊ दिला नाही.

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. दारातल्या उजेडावर काच धरली. "आई, ही बघ तुझी रोहिणी. आता ढग येऊ दे, मावळू दे, हिला बघ आन् जेव."

तिनं डोळे बारीक केले. "ह्यो काळा ठिपका?"

"व्हय. अगं, काचेवर उलटं उमटतं. जेवढा तारा तेजाचा तेवढा ठिपका काळा."

वर्षानुवर्षं मी काळेच तारे बघत आलो होतो. त्यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आभाळ पांढरं फटक," ती म्हणाली, "आन् माझी चांदणी काळी."

"डोस्कं फिरलंय का तुझं? शास्त्र हाय हे!" मी ओरडलो.

"वरडू नगंस. दुर्बिणीला लांबचं दिसतंय. मलाच इतके दिस दिसलं न्हाय."

मी सांगितलं होतं तशी काठाला धरून, जपून, तिनं काच माझ्या हातात दिली. म्हणाली, "नेम फिटला. वाढ गं."

वहिनी हरखली, लगबगीनं ताट वाढलं. मीही सुटलो म्हणून भिंतीला टेकलो. आई जेवली. भाकरी, पिठलं, वर कांदा मागून घेतला. मग हात धुतले, पदराला पुसले आणि वहिनीकडं बघून म्हणाली,

"पोरी, कुकू पूस आता."